सोलापूरच्या जमिनीतला प्रवाह मोजायला हवा

१० मे २०२४, अक्षय तृतीया. लोकसभेचं मतदान उरकून तीन दिवस झाले होते, घरोघर आमरस झाला होता आणि भिंती रात्रीही तापलेल्या होत्या. साडेदहाच्या सुमारास लोक गच्चीवर अंथरुणं टाकत असताना सूर्यावरून आलेल्या कणांच्या लोंढ्याचा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला जोराचा धक्का बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला, यंत्रमागांची खडखड सुरू झालेली असताना, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात हे क्षेत्र ४०० नॅनोटेस्लांहून (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) अधिक खाली उतरलं होतं. आपल्या भागात जमिनीला समांतर असलेलं चुंबकीय क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या आसपास असतं, म्हणजे साधारण एक टक्का घट. वीस वर्षांत एवढं मोठं चुंबकीय वादळ झालं नव्हतं. लडाखमध्ये हानलेच्या आकाशात त्या रात्री लाल उजेड दिसला.

११ मेच्या दुपारी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो आता घरचे चार माग सांभाळतो, टॉवेल विणतो. त्याच्याकडे एक मेसेज फिरत आला होता: रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत. हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय आणि तो खोटा आहे, एवढं मी सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "ते खोटं म्हणता, बरं. मग खरं काय झालं ते तरी सांगा की सर. आपल्या सोलापुरात किती झालं ओ?"

मी त्याला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचं सांगू शकत होतो. हैदराबादचं, फार तर जपानमधल्या काकिओकाचं सांगितलं असतं. सोलापूरचा आकडा मात्र मला कुठेच मिळाला नाही. भौतिकशास्त्र शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे लागलं. हा आकडा, म्हणजे वादळात इथलं चुंबकीय क्षेत्र किती बदललं आणि त्यानं जमिनीत नि तारांत किती प्रवाह वाहिला, हे आपल्याला मिळायला हवं, आणि तो मिळवण्याची जबाबदारी वीज वाहून नेणाऱ्या यंत्रणेची जेवढी आहे तेवढीच इथल्या विद्यापीठाची आणि महाविद्यालयांची आहे, असं माझं ठाम मत आहे.

चुंबकावरण, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं भोवतालचं कवच, म्हटलं की पाठ्यपुस्तकात ढालीचं चित्र येतं. मुलांना समजावायला ती उपमा सोपी आहे, पण ढाल नुसती धरायची असते, तिच्या आत काही चालू नसतं. चुंबकावरणाच्या आत मात्र अखंड हालचाल आहे. सूर्याकडून सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगानं प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, वाहत येतो. (आयनद्रायू असा मराठी शब्द आहे, वर्गात मी प्लाझ्माच म्हणतो.) सूर्याच्या बाजूला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला पृथ्वीच्या त्रिज्येच्या दहापट अंतरावर अडवतं. रात्रीच्या बाजूला तेच क्षेत्र शेपटीसारखं ताणलं जातं आणि चंद्राच्याही पलीकडे जातं. मोठ्या वादळात पुढची हद्द इतकी आत दाबली जाते की ३६ हजार किलोमीटर उंचीवरचे भूस्थिर उपग्रह काही वेळ उघड्यावर पडतात. आपल्या दूरदर्शनचे, हवामानाचे उपग्रह तिथेच आहेत.

या क्षेत्रात सापडलेल्या एका इलेक्ट्रॉनचं काय होतं, ते आपल्या गावच्या भाषेत सांगतो. मागावर धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो, तिथे अडतो आणि परत येतो. इलेक्ट्रॉनचंही तसंच. तो चुंबकीय रेषेभोवती सेकंदाला हजारो घिरट्या घेत उत्तरेकडे धावतो. ध्रुवाजवळ रेषा दाटत जातात, क्षेत्र तीव्र होतं, तिथे तो अडतो आणि दक्षिणेकडे उलटतो. एक फेरी सेकंदाच्या आत. हे चालू असतानाच तो हळूहळू पूर्वेकडे सरकत राहतो आणि दहा-वीस मिनिटांत पृथ्वीला वळसा घालून येतो. प्रोटॉन पश्चिमेकडे सरकतात. ऋणभार पूर्वेला आणि धनभार पश्चिमेला, म्हणजे दोघांचा मिळून विद्युतप्रवाह एकाच दिशेला, पश्चिमेला. हाच वलय प्रवाह. वादळात यात कणांची भर पडते, प्रवाह वाढतो आणि जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र उतरतं. ११ मेच्या सकाळी आपल्या डोक्यावर, हजारो किलोमीटर उंचीवर, हा प्रवाह फुगलेला होता.

आणि त्यात लाटा उठतात. १९५८ मध्ये एक्सप्लोरर-१ या उपग्रहाच्या नोंदींवरून जेम्स व्हॅन ॲलन यांनी प्रारण पट्टे, म्हणजे पृथ्वीभोवती अडकलेल्या वेगवान कणांचे पट्टे, शोधले, तेव्हापासून एक कोडं होतं: बाहेरच्या पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनांना एवढी प्रचंड ऊर्जा कोण देतं? २०१२ मध्ये सोडलेल्या दोन व्हॅन ॲलन प्रोब यानांच्या मोजमापातून दिसलं की त्यात प्लाझ्मातल्या लाटांचा मोठा हात आहे. या विद्युतचुंबकीय लाटांची वारंवारिता आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या ध्वनीच्याच टप्प्यात असते, त्यामुळे नोंद स्पीकरला जोडली की त्या ऐकता येतात. पहाटे बाभळीवर चिमण्या जाग्या व्हाव्यात तसा किलबिलाट. वर्गात मी तो पहिल्यांदा ऐकवला तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही गप्प झाली. इतका गोड आवाज करणाऱ्या लाटा इलेक्ट्रॉनांना ढकलून उपग्रहांच्या पोटातले सर्किट जाळण्याइतकी ताकद देतात. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाचे ॲनिक मालिकेतले दोन उपग्रह असेच एकापाठोपाठ बिघडले होते.

आता खाली, जमिनीवर येऊ. चुंबकीय क्षेत्र बदललं की वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हा फॅराडेचा १८३१ चा नियम दहावीचा विद्यार्थीही सांगतो. जमीन हाही एक वाहक आहे, आणि दोन टोकांना जमिनीत अर्थिंग केलेली लांब वीजवाहिनी जमिनीतल्या प्रवाहाला सोपी वाट देते. हा प्रवाह फार सावकाश बदलतो, जवळजवळ डीसीसारखा, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा. ट्रान्सफॉर्मर मात्र एसीसाठी घडवलेला असतो. न्यूट्रलमधून, म्हणजे त्याच्या जमिनीला जोडलेल्या टोकातून, असा प्रवाह आत शिरला की लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात संपृक्त होतो, आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही. ट्रान्सफॉर्मर तापतो, ग्रिडमध्ये, म्हणजे वीजजाळ्यात, हार्मोनिक्स (नको असलेल्या जादा वारंवारिता) सोडतो, व्होल्टेज ओढून खाली आणतो आणि गुरगुरायला लागतो. गल्लीतल्या डीपीचा (छोट्या ट्रान्सफॉर्मरचा) आवाज बदलला की आपण घरात म्हणतो, "काहीतरी बिघडणार." तो कान मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीतही खरा ठरतो.

सोलापूरचा याच्याशी काय संबंध? फार जवळचा. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली. तोवर दक्षिण भारताचं ग्रिड बाकी देशाच्या ग्रिडशी एका ठेक्यात चालत नव्हतं, मधे डीसीचे दुवे होते. त्यामुळेच जुलै २०१२ मध्ये उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं ग्रिड कोसळून साठ कोटींहून अधिक लोक अंधारात गेले तेव्हा दक्षिणेला झळ लागली नाही. सोलापूर-रायचूरची तार जोडली गेली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा देश एकाच वारंवारितेवर फिरू लागला. आपल्या जिल्ह्यात १३२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्याची धुराडी दिसतात. देशाच्या वीजजाळ्याची गाठ आपल्या जिल्ह्यात मारली गेली, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला त्याचा अभिमान आहे. आणि गाठ जिथे मारली तिथे ताण किती येतो, हे बघत राहायला हवं, असंही वाटतं.

ताण आला तर काय होतं, ते कॅनडातल्या क्वेबेकनं पाहिलं. १३ मार्च १९८९, पहाटे पावणेतीन. चुंबकीय वादळाचा प्रवाह वाहिन्यांत शिरला आणि दीड मिनिटात अख्ख्या प्रांताचं ग्रिड बसलं. साठ लाख लोक, नऊ तास, बाहेर बर्फ.

यावर पहिला आक्षेप माझ्याच क्षेत्रातले लोक घेतात, आणि तो वजनदार आहे. क्वेबेक ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याजवळ, सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर. तिथे शंभर किलोमीटर उंचीवरून वाहणारा प्रचंड प्रवाह डोक्यावर असतो, इथे नसतो. तेव्हा सोलापूरला कशाची भीती? हे मला मान्य आहे. उद्या इथला ट्रान्सफॉर्मर जळेल असं मी म्हणत नाही, आणि कुणी तसं म्हणून घाबरवत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मे २०२४ मध्ये आपले दिवे गेले नाहीत.

पण १८५९ ची नोंद बघा. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लखकन चमकलेला उजेड पाहिला आणि साडेसतरा तासांत वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. त्या वादळाची जगातली एक सर्वांत मोलाची नोंद मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत झाली. तिथे समांतर क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं होतं. मे २०२४ च्या चौपट. त्यात वलय प्रवाहाचा वाटा किती आणि इतर प्रवाहांचा किती, यावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. पण कुलाब्याचा अक्षांश सोलापूरपेक्षा जेमतेम सव्वा अंशानं जास्त आहे. "आपण ध्रुवापासून लांब आहोत" हे वाक्य त्या कागदापुढे पुरं पडत नाही.

शिवाय देशाच्या दक्षिण टोकाला आणखी एक गोष्ट आहे. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे जिथे चुंबकीय क्षेत्र जमिनीला अगदी समांतर असतं ती रेषा, तिरुनेलवेलीच्या जवळून जातं आणि त्याच्यावर सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर दिवसा विषुववृत्तीय विद्युतझोत वाहतो. केरळमधल्या थुंब्याची जागा रॉकेट केंद्रासाठी निवडली ती याच झोताच्या अभ्यासासाठी; नोव्हेंबर १९६३ मध्ये तिथून पहिलं रॉकेट उडालं. वादळाचा धक्का दिवसा आला तर या झोताखाली तो वाढून जाणवतो. तिथल्या तारा आता आपल्याच ग्रिडचा भाग आहेत, आणि त्या जाळ्याची एक मोठी वाट सोलापुरातून जाते.

किती प्रवाह येईल हे वरच्या वादळाइतकंच खालच्या दगडावर ठरतं, आणि मला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो. सोलापूरची तार काळ्या कातळावर, दख्खनच्या बेसाल्टवर सुरू होते. रायचूरला ती उतरते तेव्हा खाली ग्रॅनाइट आणि नाईस असे अतिप्राचीन खडक असतात. मधे भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक. सुमारे दोनशे किलोमीटरमध्ये जमिनीचे तीन पोत लागतात, आणि प्रत्येक खडक वीज वेगळी वाहून नेतो. क्वेबेकला वादळ बाधलं त्याचं एक कारण तिथल्या जुन्या कठीण खडकात होतं. प्रवाहाला जमिनीत वाट मिळेना, म्हणून तो तारांत चढला. तेव्हा अलिबागचा चुंबकीय आकडा घेऊन सोलापूर-रायचूर वाहिनीतल्या प्रवाहाचा अंदाज बांधणं म्हणजे पुण्याच्या पावसावरून मंगळवेढ्याच्या ज्वारीचा अंदाज बांधणं.

जमिनीखाली काय आहे हे वेळेवर न बघण्याची किंमत या भागाला वेगळी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारीच्या त्या भूकंपाचा हादरा सोलापुरात ज्यांनी अनुभवला त्यांना आजही पहाटे भांडं पडलं तरी जाग येते. त्याच्या आदल्या वर्षी तिथे धक्के बसत होते. भूकंपानंतर विंधनविवरं घेतली गेली, बेसाल्टचा थर साधारण ३४० मीटर जाड आहे आणि त्याखाली जुना खडक आहे हे कळलं, उपकरणं आली, प्रबंध लिहिले गेले. भूकंप आणि चुंबकीय वादळ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे स्पष्ट सांगतो. माझं दुखणं क्रमाचं आहे. आधी माणसं गेली, मग यंत्रं आली.

दुसरा आक्षेप रस्त्यावरचा आहे आणि मी त्याचा आदर करतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात चुंबकमापकावर पैसे कशाला? माझ्याही घरी पिंप भरून ठेवावी लागतात. पण पाण्याचा पंप विजेवर चालतो, आणि ७६५ किलोव्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाही. तो घडवून, आणून, उभा करायला वर्ष आणि कधी त्याहून जास्त लागतं. त्याच्या किमतीपुढे न्यूट्रलवर बसवायचा हॉल सेन्सर (प्रवाह मोजणारा), एक फ्लक्सगेट चुंबकमापक (क्षेत्रातला बारीक बदल टिपणारा) आणि जमिनीत पुरायचे चार इलेक्ट्रोड यांचा खर्च नगण्य आहे. यासाठी पाण्याच्या बजेटला हात लावावा लागत नाही.

तिसरा आक्षेप मला एका अधिकाऱ्यानं ऐकवला: ग्रिडची माहिती संवेदनशील असते, खुली करता येत नाही. वाहिनीवर किती भार आहे, कोणता ब्रेकर कधी उघडला, हे कुणी मागतच नाही. न्यूट्रलमधला सावकाश बदलणारा प्रवाह, तोही एक दिवस उशिरानं दिला तरी चालेल. फिनलंडची हवामान संस्था १९९९ पासून मॅन्ट्साला इथल्या नैसर्गिक वायूच्या नळातून वाहणारे असे प्रवाह मोजते आणि त्या नोंदींवर जगभरचे अभ्यासक काम करतात. त्यानं फिनलंडच्या सुरक्षेला धोका झालेला नाही.

आपल्याकडे हे करण्याची परंपरा नाही, असं तर मुळीच नाही. कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू होत्या. शतक संपता संपता मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामच्या प्रवाहानं नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी किनारा धुंडाळून अलिबागची जागा निवडली. इमारत पोरबंदरच्या दगडाची बांधली, कारण तो दगड चुंबकीय नाही. लोखंडाचा खिळासुद्धा लागू नये म्हणून तांब्या-पितळेची जोडणी केली. आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांचा नव्या आकड्यांशी सांधा जुळेल. विजेच्या ट्राम १९०७ मध्ये धावल्या. शहराला ट्रामही मिळाली आणि विज्ञानाची नोंदही तुटली नाही. त्याच कुलाब्याच्या जुन्या कागदांवरून २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी १८५९ च्या वादळाचं मोजमाप नव्यानं मांडलं. ज्यानं १८५९ मध्ये दिव्याच्या उजेडात तो आकडा वहीत लिहिला, त्याला हे कसं ठाऊक असणार? त्यानं आपलं काम नेमानं केलं.

आज परिस्थिती त्याहून सोपी आहे. सूर्याचा अभ्यास करणारं भारताचं यान आदित्य-एल-१ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर उभं आहे. त्याच्यावरून गेलेला सौर वारा आपल्यापर्यंत पोचायला वेगानुसार अर्धा ते एक तास लागतो. एवढ्या वेळात ग्रिड चालवणाऱ्यांना बरंच करता येतं: देखभालीसाठी बंद करायच्या वाहिन्या चालू ठेवायच्या, दूरवरून आणलेला भार कमी करायचा, व्होल्टेज सावरायची राखीव क्षमता हाताशी ठेवायची. पण अर्ध्या तासात कुणी धावाधाव करावी अशी अपेक्षा असेल, तर कोणत्या धक्क्याला आपल्या तारेत किती प्रवाह येतो हे आधी माहीत हवं. ते फक्त मोजून कळतं, आणि वर्षानुवर्षं मोजून. सूर्याचं चक्र अकरा वर्षांचं आहे. आज सुरुवात केली तर पुढच्या चक्राच्या ऐन भरात आपल्याजवळ ताळा करायला काही असेल.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. सोलापूरच्या ७६५ किलोव्होल्ट उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रल प्रवाहाची नोंद सतत ठेवावी आणि ती अभ्यासकांना खुली असावी. शहराबाहेर शांत जागी विद्यापीठानं चुंबकमापक आणि जमिनीतले इलेक्ट्रोड बसवावेत, पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मार्गदर्शन घ्यावं, आणि ते यंत्र बीएस्सीच्या मुलांच्या हाती द्यावं. आणि रोजचा आकडा मराठीत, एका ओळीत, लोकांना वाचता येईल असा द्यावा. ज्या दिवशी खरा आकडा मोबाईलवर येईल त्या दिवशी साडेबारा ते साडेतीनचा मेसेज पुढे पाठवण्याआधी माणूस दोन्ही ताडून बघेल. घरचे माग सांभाळणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यानं नेमकं तेच तर मागितलं होतं.

शांत जागा किती उरल्यात, ते बघायला गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं नान्नजच्या बाजूला माळरानावर गेलो. फोनमधला चुंबकमापक उघडला. आकडा बेचाळीस-त्रेचाळीस मायक्रोटेस्लांच्या (एक मायक्रोटेस्ला म्हणजे हजार नॅनोटेस्ला) आसपास खेळत होता. मोटारसायकल शेजारी उभी, तर आकडा भलताच. ती शंभर पावलं मागे नेऊन लावली. मग किल्ल्या काढून ठेवल्या, मग त्याच्या कमरेचा पट्टा. आकडा हळूहळू स्थिरावला, तरी दशांशाचं घर नाचतच राहिलं. मे २०२४ चं अख्खं वादळ त्या नाचणाऱ्या घरातच मावलं असतं, फोनला ते दिसलंही नसतं. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग म्हणाला, "सर, हितं खरं यंत्र बसवलं तर त्याला कुंपण लोखंडाचं चालणार न्हाई. बांबूचं करावं लागंल." आम्ही तिथेच पावलांनी जागा मोजली, वीस बाय वीस.